टपापर्यंत नेलेली नळी

भाऊजी,

पाहुणे काल गेले. अंगणातला मांडव सोडला, सतरंज्या ज्याच्या त्याला परत केल्या, आणि आज सकाळी घरात आम्ही तिघंच उरलो. तुमचे दादा, लेक सुनंदा आणि मी. चहा टाकताना सवयीनं चौथा कप काढला गेला. तो मी परत फळीवर ठेवला नाही. त्यातही चहा ओतला आणि दोन्ही कप मीच प्यायले.

दादा ओसरीवर बसले होते. गाडीकडे बघत म्हणाले, "कोनाले देऊन टाकू. उभी राहून सडंन."

मी म्हणाले, "नाई द्यायची."

"मंग? तू चालवशीन रोज बाजारात?"

मी आत आले, सुनंदाच्या दप्तरातली कोरी वही काढली आणि लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, वयनी दहावी झाल्यापासून पहिल्यांदा पेपर लिहून राह्यल्या. हसा. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. नऊ वर्षं ती मी पोटात ठेवली. ती सांगायची तर त्या नळीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण नळी आपण दोघांनी मिळून केली आणि भांडणही तिच्यावरूनच झालं.

तुम्ही ती मोटार आदिलाबादेहून आणली तेव्हा सारा गाव हसला होता. गोल पाठीची, जुनाट, मूळची पेट्रोलची. तिच्यात कुणीतरी डिझेलचं इंजिन बसवलेलं. मागची सीट उचलून ठेवली की वांग्याची, मिरचीची पोती आत आणि कोथिंबिरीच्या जुड्या टपावर. बैलगाडीनं आदिलाबादच्या बाजाराला पोचेपर्यंत आपली भाजी मान टाकायची. मोटारीनं ती ताजी पोचायला लागली. गावातून नेरडीगोंड्याच्या अलीकडे हमरस्त्याला लागेपर्यंतच काय ती अडचण. मधे नाला, आणि त्याच्यावर पूल नाही. नुसता दगडांचा रपटा, पाणी त्याच्यावरूनच वाहतं. उन्हाळ्यात तिथे पोरं चिंचोके खेळतात. पावसाळ्यात तोच रपटा दिसेनासा होतो.

पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही मांडीभर पाण्यात गाडी घातली. मी शेजारी बसले होते, मांडीवर टोमॅटोची पाटी. अर्ध्यात गेल्यावर पुढून पाण्याची लाट बॉनेटवर चढली, आतून 'ठक्' असा एकच आवाज आला आणि सगळं शांत झालं. नुसतं पाणी दारावर आपटत होतं. तुम्ही चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. घरातलं कुणी भोवळ येऊन पडावं तसे तुम्ही त्या बॉनेटकडे बघत होतात.

बैल लावून गाडी ओढली, हमरस्त्यावर रशीदभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. त्यांनी इंजिन उघडलं, आतली वाकलेली दांडी काढून आपल्या दोघांपुढे धरली. "किसनराव, इंजन पानी पी गया. हवा दबती है, पानी नहीं दबता. दांडी को ही मुड़ना पड़ा."

तुम्ही ती दांडी घरी घेऊन आलात. दादा म्हणाले, "बैलगाडीच बरी होती. तिले काई पाजा लागत नाई." तुम्ही जेवलात, हात धुतलेत, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "वयनी, मानसाले पान्यात उभं केलं तं तो नाक वर काढते. गाडीचं नाक खाली हाये. ते वर नेलं पायजे."

मला ते लगेच कळलं. मी आयुष्यभर चूल पेटवत आले. आग लाकडावर जळते त्याहून जास्त हवेवर जळते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. इंजिनाचंही तसंच असणार. मी म्हणाले, "मंग न्या वर. टपापर्यंत."

आणि तुमची शोधाशोध सुरू झाली. नवीन काही आणायचं नाही, हा तुमचा हट्ट. विहिरीवर वीज आल्यापासून गोठ्यात पडलेलं जुनं डिझेल इंजिन होतं; त्याचं हवेचं फिल्टर तुम्ही खोललं, ज्याच्या बुडाला तेलाची वाटी असते आणि धूळ त्या तेलात बसते. रशीदभाईंकडून भंगारातल्या ट्रकच्या सायलेन्सरचा लांब पाईप आणला. पंपाचा लोखंडी बेंड आणला. विहिरीत सोडलेल्या पाईपच्या बुडाला कचरा अडवायची जाळी असते, ती नळीच्या तोंडाला लावायची ठरवली. बॉनेटच्या बाजूला छिन्नीनं भोक पाडताना तुम्ही प्रत्येक घावाआधी पत्र्यावरून हात फिरवत होतात. गाडीला जखम करताना तुमच्या जिवावर येत होतं, हे फक्त मी पाहिलं.

पहिली नळी फसली. इंजिनापासून पाईपपर्यंतच्या वळणात तुम्ही ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब कापून बसवली होती. गाडी सुरू झाली, जरा जोर दिला की घुसमटायची आणि काळा धूर सोडायची. तुम्ही दोन दिवस इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाला शिव्या घातल्या. मी बॉनेटपाशी उभी राहून बघत होते. तुम्ही जोर दिला की ती ट्यूब गालफडासारखी आत जायची.

"भाऊजी, थे पाहा. पिचकून राह्यली."

"कोन?"

"ट्यूब. इंजिन हवा ओढते आन् ट्यूब मिटते. विहिरीवरचा ओढायचा पाईप मिटतो का? त्याच्यात तार असते."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी पहिल्यांदाच घरात आले होते. मग विहिरीवर गेलात आणि चांगल्या चालत्या पाईपचा हातभर तुकडा कापून आणलात. दादांनी संध्याकाळी बघितलं तेव्हा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. पण पाईप मिटला नाही.

मग ती तपासणी. रशीदभाईंनी सांगितलं होतं, गाडी सुरू ठेवायची आणि नळीचं वरचं तोंड तळहातानं बंद करायचं. इंजिन मेलं पाहिजे. नाही मेलं, तर कुठून तरी चोरवाटेनं हवा घेतंय, आणि जिथून हवा जाते तिथून पाणीही जाणार. तुम्ही आत बसलात, मी दारात पाय ठेवून वर चढले आणि जाळी काढून तळहात दाबला. हात असा ओढला गेला की मी किंचाळले. पण इंजिन चालूच. खोकत, पण चालू.

"हात नीट दाबा, वयनी!"

"दाबला ना! तुमचीच गाडी चोर हाये!"

कुठून हवा जाते ते सापडेना. तुम्ही साबणाचा फेस लावून पाहिलात, कान लावून पाहिलात. मी देवघरातून उदबत्ती पेटवून आणली. आपल्या खिडकीच्या फटीतून वारा येतो की जातो ते मी तशीच बघायची. एकेका सांध्यापाशी उदबत्ती धरली. सगळीकडे धूर सरळ वर जात होता. फिल्टरच्या झाकणापाशी आला आणि वाकून आत शिरला. तुम्ही सायकलची जुनी ट्यूब आणलीत, मी कात्रीनं गोल वायसर कापले आणि झाकणाखाली बसवले, एकावर एक दोन. परत वर चढले, परत तळहात दाबला. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली.

तुम्ही आतून बाहेर उडी मारून टाळ्या वाजवल्यात. आपली गाडी बंद पडली म्हणून नाचणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात तुम्हीच एकटे असाल. माझ्या तळहातावर लालभडक गोल उमटला होता. तो तुम्ही सासूबाईंना नेऊन दाखवला, "पाह्य माय, वयनीनं इंजिन मारलं." त्यांना मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं, त्या माझा हात चाचपत राहिल्या आणि तुम्हाला रागावल्या, "पोरीले भाजलं का रे?"

नळीच्या तोंडावरून आपलं जे भांडण लागलं ते मिटलंच नाही. तुम्ही म्हणायचात तोंड पुढे, चालत्या गाडीला आपोआप हवा मिळते. मी म्हणायचे तोंड मागे, नाहीतर पाऊस आणि कापसाचे तंतू सरळ आत. तुम्ही फिरवलं की मी उलटं फिरवायची. कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीवर पांढरा थर धरायचा, तो मी काढून तुमच्या ताटाशेजारी आणून ठेवायची. तरी तुम्ही मान्य केलं नाहीत. मीही करत नाही, आजही.

पण पुढच्या पावसाळ्यात गाडी नाल्यातून गेली. तुम्ही आधी काठी घेऊन पाण्यात उतरायचात, खोली बघायचात, पंख्याचा पट्टा काढायचात म्हणजे पंखा पाणी उडवणार नाही, आणि मग एका चालीत, पाय न उचलता, पलीकडे. पाणी बॉनेटला लागलेलं आणि वर टपावर नळी घरघरतेय. काठावर माणसं उभी राहून बघायची. दादासुद्धा एकदा आले होते. पुढच्या बाजाराला मिरचीची पोती त्यांनीच गाडीत भरली.

त्याच वर्षी तुम्हाला मुधोळकडे, माझ्या माहेरच्या गावाजवळ, मुलगी बघायला नेलं होतं. मुलगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तुम्ही तिच्या बापाच्या बंद पंपाखाली आडवे होतात. पंप सुरू झाला, लग्न जमलं नाही. मी परतताना रागावले, तर म्हणालात, "वयनी, तिनं मले पाह्यलंच नाई, पाय तेवढे पाह्यले." त्यानंतर तुम्ही कुठे बघायला गेलाच नाहीत.

आता ते लिहिते.

नऊ वर्षांपूर्वीची, पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मला आठवा महिना होता. दादा आदल्या दिवशीच माल घेऊन दुसऱ्याच्या जीपनं आदिलाबादला गेलेले, पावसानं तिकडेच अडकले. सकाळी माझ्या पोटात कळ आली आणि अंगावरून रक्त जायला लागलं. सासूबाई घाबरल्या. तुम्ही मागची सीट बसवलीत, गोधडी टाकलीत. सुनंदाला शेजाऱ्यांकडे ठेवलं. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आपण निघालो.

नाल्यावर आलो तेव्हा दुपार होती. तुम्ही गाडी उभी केलीत, काठी घेतलीत आणि उतरलात. मला पडल्या पडल्या खिडकीतून दिसत होतं. दहा पावलं गेलात, पाणी छातीला लागलं. काठी रोवली, ती हातातून ओढली जायला लागली. तुम्ही तिथेच उभे राहिलात, बराच वेळ. मग परत आलात. तुमच्या कपड्यांतून पाणी गळत होतं.

"वयनी, नाई जमत."

"काऊन? नळी हाये ना टपावर?"

"इंजिन चालंन. पन गाडी तरंगंन. चाकं उचलली का मंग माह्या हातात काई नाई राहत."

"तुमी जा! मी म्हनते जा!"

"वयनी, आयका ना..."

"कायले बनवली मंग नळी? टोमॅटो न्यायले? आज कामाची नाई तं कवा कामाची?"

सासूबाई रडत होत्या. तुम्ही दाराला धरून उभे होतात. मी तुम्हाला भित्रा म्हणाले. तो शब्द मी म्हणाले, भाऊजी. तुम्ही ऐकून घेतलात, गाडीत बसलात आणि ती मागे घेत चढावर नेऊन उभी केलीत. चाकाखाली दगड लावलेत. "लक्षम्माबाईले घेऊन येतो," म्हणालात आणि त्या सुईणीच्या वाडीच्या वाटेनं धावत सुटलात. नाल्याकडे पाठ करून.

तुम्ही चढावर दिसेनासे झालात आणि थोड्याच वेळात नाल्याचा आवाज बदलला. मी खिडकीतून बघत होते. वरच्या अंगानं करंजाचं अख्खं झाड आलं, मुळांसकट, फांद्या गरगर फिरत. ते रपट्यावर आडवं आलं, दगडांना अडकलं, क्षणभर थांबलं. मागून पाण्याचा लोंढा आला आणि त्यानं ते झाड काडीसारखं उचलून खाली फेकलं. आपली गाडी तिथेच असती. तुम्ही माझं ऐकलं असतं तर आपण तिघं आणि पोटातलं चौथं, सगळे बरोबर तिथेच असतो.

सासूबाईंना दिसलं नाही. काठावर दुसरं कुणी नव्हतं. ते झाड जगात फक्त मी पाहिलं.

लक्षम्माबाई आल्या, त्यांनी तेलुगूत देवाचं नाव घेत जे करायचं ते केलं. मुलगा झाला. रडला नाही. त्यांनी त्याला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. तुम्ही गाडीच्या पलीकडे पाठ करून बसला होता. त्यांनी थापट्या थांबवून त्याला माझ्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही मागे वळला नाहीत. नुसते खाली वाकलात.

माझं रक्त थांबत नव्हतं. उन्हं कलायला लागली तसं पाणी उतरलं. तुम्ही परत काठी घेऊन गेलात, या वेळी कंबरेला लागलं. पट्टा काढलात, बसलात, आणि म्हणालात, "आता जमते." मला त्या वाटेचं फारसं आठवत नाही. पाणी दाराच्या फटीतून आत आलं, माझ्या हाताला गार लागलं, एवढं आठवतं. आणि वर ती नळी घरघरत होती, एकसारखी, न थांबता. आदिलाबादच्या दवाखान्यात नर्सबाईंनी तुम्हाला सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर आईही हातची गेली असती. मुलाबद्दल कुणी काही बोललं नाही. लवकर आलो असतो तर तो वाचला असता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

पण मी ते माहीत असल्यासारखी वागले. घरी आल्यावर मी तुमच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, सरकवायची, आत जायची. तुम्ही नळी खोलून गोठ्यात उभी करून ठेवलीत. बॉनेटच्या भोकावर पत्रा ठोकलात. दादा मला एकदा म्हणाले, "किसन जेवत नाई नीट." मी म्हणाले, "त्याचं त्याले माहीत." मला ते झाड रोज दिसायचं, भाऊजी. चूल पेटवताना दिसायचं, भाकरी थापताना दिसायचं. तुमचा दोष नव्हता हे जगात एकट्या मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. दोष कुणाला तरी द्यायचा होता. नाल्याला देऊन भागत नव्हतं. तुम्ही जवळ होतात, आणि तुम्ही घ्यायला तयार होतात.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस मी गोठ्यात शेण काढायला गेले. नळीच्या तोंडात चिमणीनं काड्या भरल्या होत्या. मी ती नळी बाहेर आणली, काड्या काढल्या, राखेनं घासली, धुतली आणि तुमच्यासमोर अंगणात नेऊन ठेवली.

"बसवा," मी म्हणाले.

तुम्ही नळीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलंत. "काऊन?"

"पाऊस येते. आन् मले गाडी शिकवा."

मला माफी मागता येत नव्हती म्हणून मी गाडी शिकायला निघाले. तुम्हाला ते कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. नाहीतर तुम्ही एवढ्या लगेच स्पॅनर आणायला उठला नसतात.

दादा म्हणाले, "लोक काय म्हनतीन?" तुम्ही गाडीखालूनच म्हणालात, "म्हनतीन का वयनी चालवते. आखीन काय म्हनतीन?" कोरड्या नाल्याच्या पात्रात तुम्ही मला शिकवलंत. मी नऊवारीचा काचा घट्ट बांधून बसले की काठावर बायका जमायच्या. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि तुम्ही डॅशबोर्डला धरून म्हणायचात, "हळू, वयनी, हळू, दूध उतू जाताना भांडं काढता तसा पाय नाई काढायचा." वाळूत चाक रुतलं की उतरून आपण दोघं ढकलायचो. तिथे मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा हसले, त्या सगळ्यानंतर.

मग वर्षं गेली. गाडीनं काय काय नाही नेलं. शाळेचे मास्तर, नवरी मुलगी, तापानं फणफणलेली पोरं, रेशनचं रॉकेल. दर पावसाळ्यात तुम्ही काठी घेऊन उतरायचात आणि दर पावसाळ्यात दोनचार वेळा परत येऊन म्हणायचात, नाई जमत. लोक चिडायचे. एक वरातीतला माणूस तुमच्या अंगावर धावून आला होता. तुम्ही जागचे हलला नाहीत. मी शेजारच्या सीटवर बसलेली असायची आणि मला वाटायचं, आता सांगावं. याच क्षणी सांगावं, की लोकहो, हा माणूस बरोबर बोलतोय, मी पाहिलंय.

एकदा तुम्ही विचारलंतही. गेल्या दिवाळीच्या आसपास, आपण दोघं फिल्टरची वाटी धूत होतो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "वयनी, त्या दिवशी मी गेलो असतो तं?"

एवढंच. आठ वर्षं तुम्ही तो प्रश्न जवळ बाळगला होता आणि एका वाक्यात माझ्यापुढे ठेवला. माझ्याजवळ उत्तर होतं. मी म्हणाले, "तेल लई काळं झालं, बदलून टाका." तुम्ही मान हलवलीत आणि तेल बदललंत.

मग हा ताप. तुम्ही दोन दिवस अंगावर काढलात. तिसऱ्या दिवशी सकाळी मला ओळखेनासे झालात, थोड्या वेळानं ओळखलंत. दादांनी तुम्हाला उचलून मागे झोपवलं आणि मी चावी फिरवली. नाल्यात घोटाभरही पाणी नव्हतं. रपटा कोरडा ठणठणीत. हमरस्ता मोकळा. गाडी एकदाही अडली नाही, एकदाही खोकली नाही. एवढ्या लवकर आपण आदिलाबादला कधी पोचलो नव्हतो. वाटेत तुम्ही मागून बारीक आवाजात म्हणालात, "वयनी, इंजिनातलं टॅपेट वाजून राह्यलं. आल्यावर पाहू." मी म्हणाले, "हो भाऊजी, आल्यावर पाहू." आणि मनात ठरवलं, परतीच्या वाटेवर सांगेन. नाल्यापाशी गाडी थांबवेन, बोट दाखवून सांगेन, इथे, बरोबर इथे.

डॉक्टर म्हणाले ताप मेंदूत गेला. दोन दिवस मी तुमच्या खाटेशी बसले. सांगितलंही, तुमच्या कानाशी वाकून, सगळं, झाडाच्या मुळांसकट. तुम्ही तेव्हा ऐकत नव्हतात. म्हणून ते सांगणं मी धरत नाही.

आता सांगते. भाऊजी, तुम्ही गेला असता तर आपण सगळे मेलो असतो. तुमच्या हातून मुलगा गेला नाही. तुमच्या हातून मी वाचले, तुमची माय आणखी चार वर्षं जगली, सुनंदाला आई राहिली. एकाच दुपारी तुम्ही एकदा थांबलात आणि एकदा गेलात, आणि दोन्ही वेळा तुमचंच खरं होतं. मी भित्रा म्हणाले. भ्यायले होते मी, आणि नंतर नऊ वर्षं खरं बोलायला भीत राहिले. हे दादांनाही आज सांगितलं. लिहिता लिहिता उठले, ओसरीवर गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंडाला लावला. मग म्हणाले, "त्याले सांगा लागत होतं." मी म्हणाले, "हो."

गाडी आम्ही देत नाही. ठरलं ते. टॅपेट बघायला मी गुरुवारी रशीदभाईंकडे नेते आहे. शेजारी उभी राहून शिकून घेईन. वांगी तोडायला आली आहेत, सोमवारी बाजाराला नेईन.

हे लिहीत होते तेवढ्यात वाडीवरून एक बाई आल्या होत्या, लक्षम्माबाईंच्या शेजारच्या. तुमचं कळलं म्हणून बसायला आल्या. जाताना दारात घुटमळल्या. सुनेला दिवस गेलेत म्हणाल्या, श्रावणात भरतात, पहिलटकरीण आहे, आणि आता किसनराव नाहीत.

"मंग गाडी येईन का वो, बाई?"

"येईन," मी म्हणाले. "मी आनीन. पन पान्यात घालायची का नाई, थे मी काठावर उभी राहून ठरवीन. तवा कोनी माह्याशी भांडायचं नाई."

त्यांनी होकाराची मान हलवली आणि निघाल्या.